मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेवढंच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा कसे?

पार्लेकर_मनू

मंडळी, लेकीचा मे महिन्यात न्यूयॉर्कला पदवीदान समारंभ आहे. मी, नवरा आणि माझे बाबा (वय ७८, डोकं आमच्या दोघांपेक्षा तल्लख) असे तिघं जाणार आहोत. तिकिटं बघायला बसलो आणि घरात वाद पेटला.

नेटवर कुठेही विचारलं तरी मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर १२,५३० किलोमीटरच्या आसपास दाखवतात. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर भागाकार चौदा तासांच्या किंचित आतच येतो. पण विनाथांबा विमानाच्या वेळा बघितल्या तर जाताना सोळा तास, कधी त्याहून जास्त, आणि येताना चौदा-साडेचौदा.

बाबांचं म्हणणं असं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे आपण पश्चिमेला उडालो की न्यूयॉर्क आपल्याकडेच सरकत येणार. तेव्हा जाताना कमी वेळ लागायला हवा, वेळापत्रक उलटं छापलंय. नवऱ्याचं म्हणणं, कंपन्या उशीर लपवायला वेळ फुगवून सांगतात. त्यात भाचीनं भर घातली की तिच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर एकूण अंतर साडेतेरा हजार किलोमीटर दिसत होतं. मग वरचे हजार किलोमीटर आले कुठून?

जाणकारांनी उजेड पाडावा. घरून कधी निघायचं आणि मध्ये थांबा घ्यावा का, हेही सांगा. बाबांना सलग सोळा तास झेपतील का, ही खरी काळजी आहे.

टवाळ_बोका

जाताना पायलटला पत्ता विचारत विचारत जावं लागतं. येताना रस्ता पाठ झालेला असतो.

पार्लेकर_मनू

बोकोबा, बाबांनी हे वाचलं आणि म्हणाले, नवऱ्याच्या उत्तरापेक्षा हे जास्त पटतंय.

भूगोलाच्या_बाई

मनूताई, आधी तो १२,५३० चा आकडा येतो कुठून ते बघू. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि घट्ट ताणा. शाळेत मी दर वर्षी हा प्रयोग करायचे आणि दर वर्षी निम्मा वर्ग म्हणायचा, बाई, दोरा चुकीच्या जागी गेला.

कारण भिंतीवरचा नकाशा डोक्यात असतो. त्यावर न्यूयॉर्क आपल्या डावीकडे, थोडं वर. तेव्हा विमान अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया करत अटलांटिक ओलांडेल असं वाटतं. दोरा मात्र मुंबईहून निघतो तोच जवळजवळ उत्तरेला, थोडा वायव्येकडे कललेला. सौराष्ट्र, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिमेकडचा भाग, मग रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि थेट आइसलंड. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडातलं लाब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. सर्वांत वर हा दोरा ६४-६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ च्या जरा खाली. दोन्ही गावांपेक्षा रस्ता कितीतरी उत्तरेला!

याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर याच रेषेवर असतं. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि होकायंत्राची एकच दिशा धरून त्या रेघेवरून गेलात, तर अंतर भरतं १४,२०० किलोमीटरच्या घरात. दिसायला सरळ, पण जवळजवळ सतराशे किलोमीटरचा फेरा. तो नकाशा ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे दाखवतो, म्हणून तिथून जाणारा रस्ता उगाच लांब वाटतो.

तर साइटवर दिसतं ते दोऱ्याचं अंतर. विमान त्या दोऱ्यावरून उडतंच असं नाही. ते का, हे त्या क्षेत्रातल्या कुणी सांगावं.

सहज_वाचक

बाई, शाळेत तुमच्यासारख्या शिक्षिका असत्या तर भूगोलात पस्तीसवर समाधान मानावं लागलं नसतं. वाचनखूण साठवली आहे.

हवामान_वेडा

मी मनूताईंच्या बाबांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण प्रश्न फार चांगला आहे. त्यांचा तर्क सुसंगत आहे, फक्त एक गोष्ट गृहीत धरलीय: विमान वर गेलं की पृथ्वीशी संबंध तुटला. तसं होत नाही. धावत्या लोकलच्या डब्यात जागच्या जागी उडी मारली तर तुम्ही मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. तुम्हीही गाडीच्याच वेगानं पुढे चाललेले असता. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५७५ किलोमीटर वेगानं पूर्वेला फिरते, तिच्यावरची हवा आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. तेव्हा न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत वगैरे येत नाही.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहेच, आडवळणानं. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर जाऊन ध्रुवांकडे निघते. जसजशी उत्तरेला जाते तसतशी पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. त्यातून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे तयार होतात, तेच जेट स्ट्रीम. लांब पल्ल्याची विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर या वाऱ्याचा गाभा ताशी २०० किलोमीटरच्या वर जाणं नवलाचं नाही. उन्हाळ्यात तो मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

तेव्हा बाबांना सांगा, पृथ्वी फिरते म्हणूनच फरक पडतो, मात्र त्यांनी धरली त्याच्या बरोबर उलट दिशेनं.

हा वारा काय करू शकतो याचा दाखला: ९ फेब्रुवारी २०२० ला, किआरा वादळाच्या दिवसांत, ब्रिटिश एअरवेजचं एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. इंजिन तेच, इंधन तेच, पाठीवर वारा.

पार्लेकर_मनू

बाबांनी शांतपणे वाचलं. "म्हणजे मी निम्मा बरोबर आहे," असं जाहीर करून चहा मागितला.

ऑप्समधला_एक

एवढा वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी एका विमान कंपनीत डिस्पॅचर आहे (कुठली ते विचारू नका). प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि वेळ याचं गणित आम्ही मांडतो आणि कॅप्टनसोबत त्यावर सही करतो. त्यामुळे हा धागा म्हणजे घरबसल्या ऑफिस.

बाईंनी सांगितलेला दोरा आम्ही जेमतेम एकदा बघतो. त्यानंतर सगळं गणित वाऱ्याचं. विमानाचा हवेतला वेग जवळजवळ ठरलेला असतो, बोईंग ७७७ साठी ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट, म्हणजे त्या उंचीवर ताशी ९०० च्या आसपास. जमिनीवरचा वेग मात्र वारा ठरवतो. उदाहरणादाखल धरा, जाताना सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ४० चा वारा समोरून आणि मार्ग १३,५०० किलोमीटर. म्हणजे ताशी ८६० नं पंधरा तास चाळीस मिनिटं. त्यात दोन्हीकडच्या जमिनीवरचा अर्धा-पाऊण तास मिळवा, झाले सोळा आणि वर थोडे. येताना मार्ग १३,३०० चा आणि सरासरी ६० चा वारा पाठीमागून, तर पावणेचौदा-चौदा तास उडण्याचे, अधिक जमिनीवरचा वेळ. ताईंचे आकडे जुळले की नाही?

एक मासला सांगतो, यानं कुणालाही पटतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. मार्ग झाला सुमारे १५,३०० किलोमीटर, चौदाशेनं जास्त. आणि वेळ? जवळजवळ दोन तासांनी कमी, साडेचौदा तासांत टेकलं. कारण पूर्वेला निघाल्यावर तोच वारा पाठीशी. तेव्हा जवळचा रस्ता आणि लवकरचा रस्ता यांचं आमच्या धंद्यात पटतंच असं नाही.

मग न्यूयॉर्कलाही पूर्वेकडूनच का जात नाही, असं कुणी विचारायच्या आत: मुंबईहून त्याच वर्तुळावर उलट दिशेनं गेलं तर साडेसत्तावीस हजार किलोमीटर पडतात. एवढं कुठलंच प्रवासी विमान उडत नाही. सध्याचं सर्वांत लांब पल्ल्याचं नियमित उड्डाण सिंगापूर–न्यूयॉर्क, तेही १५,३०० च्या थोडं वर.

आता भाचीनं पाहिलेले हजार किलोमीटर. दोरा ज्या देशांवरून जातो त्या सगळ्यांनी वाट द्यायला हवी. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद आहे. याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत अशीच बंद होती. त्यामुळे मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून आखाताकडे निघतात आणि मग युरोपकडे वळतात. दिल्लीला याचा फटका फार मोठा, कारण तिथून निघालं की समोर पाकिस्तानच. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. मुंबईच्या उंबरठ्यावर समुद्र आहे म्हणून आपलं तुलनेनं बरं चाललंय. पण आखाताकडचीही खात्री नसते. जून २०२५ मध्ये आधी इराणनं आणि मग २३ तारखेला कतार आणि अमिरातीनं हद्द बंद केली होती, तेव्हा आमच्या खोलीत कुणाला जेवायची शुद्ध नव्हती. तिकीट काढताना त्या तारखेचं उड्डाण खरोखर विनाथांबा आहे की इंधनासाठी कुठं टेकणार आहे, ते बघून घ्या.

अटलांटिकवर आणखी एक गंमत आहे. समुद्राच्या मध्यावर रडार पोचत नाही, म्हणून तिथे वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा आकाशात रस्ते आखून देतात. अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे, युरोपकडे येणाऱ्यांसाठी वेगळे, आणि रोजच्या वाऱ्याप्रमाणे जागा बदललेली. एका बाजूला कॅनडातलं गँडर आणि दुसऱ्या बाजूला शॅनविक, अशी दोन केंद्रं ते सांभाळतात. येणारे रस्ते जेट स्ट्रीमच्या कुशीत ठेवायचे, जाणारे तिच्यापासून लांब. म्हणजे आज तुमचं विमान आइसलंडजवळून गेलं तर परवाचं कितीतरी दक्षिणेकडूनही जाईल.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा राहिला. तेही अगदीच चुकीचे नाहीत. तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: इथे चाकांखालचे चॉक काढल्यापासून तिथे चॉक लावेपर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रात्री एक ते तीनच्या दरम्यान लांबच्या विमानांची गर्दी असते, रांगेत अर्धा तास सहज जातो. केनेडीलाही तीच कथा. हे सगळं धरून, मागच्या हंगामाचा अनुभव बघून वेळ ठरवतात आणि थोडा जादा वेळ धरतात. वेळापत्रकाचे हंगामही दोन, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे तेच विमान जानेवारीत आणि मे महिन्यात वेगवेगळ्या वेळेचं दिसेल.

सव्वाआठची_बदलापूर

साहेब, खतरनाक माहिती. एक बाळबोध प्रश्न. वारा समोरून असेल तर जरा जोरात का नाही चालवत? आमच्या बसचा ड्रायव्हर घाट संपला की वेळ भरून काढतो.

ऑप्समधला_एक

अजिबात बाळबोध नाही. ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. वेग थोडासा वाढतो आणि इंधन भसाभसा जळतं. आणि या पल्ल्यावर इंधन हाच खरा भार. ७७७-३००ईआर च्या टाक्या पूर्ण भरल्या तर १ लाख ८१ हजार लिटर बसतं, म्हणजे सुमारे १४५ टन. उड्डाणाच्या वेळी विमानाला कमाल वजनाची मुभा ३५१ टनांची. चाळीस टक्के नुसतं इंधन! सुरुवातीचे कित्येक तास आपण इंधन वाहायला इंधन जाळतो. एवढं जड विमान लगेच फार उंच चढतही नाही. हलकं होत गेलं की टप्प्याटप्प्यानं वर नेतात. रात्री झोपेत इंजिनाचा आवाज मध्येच वाढल्यासारखा वाटला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तेच चाललेलं असतं.

रोखठोक

पाकिस्ताननं हद्द बंद केली यावर कुणी काही बोलणार आहे का? आपल्या सरकारनं...

टवाळ_बोका

रोखठोक, त्यासाठी राजकारणाच्या विभागात चार धागे आधीच उकळतायत. इथे काकांना न्यूयॉर्कला पोचू द्या.

गिरगावचे_आप्पा

चर्चा वाचून जुनं आठवलं. आता सोळा तासांची तक्रार चालली आहे, म्हणून थोडा इतिहास.

८ जून १९४८ ला एअर-इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, मलाबार प्रिन्सेस, लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. मग १४ मे १९६० पासून बोईंग ७०७ नं लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. एअर इंडियानं मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जायला मात्र १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला, ७७७-२००एलआर वर. मधली सत्तेचाळीस वर्षं एअर इंडियानं जाणारे सगळे कुठे ना कुठे उतरूनच गेले.

मला यातली मौज अशी वाटते की ७०७ चा वेग आजच्या विमानांपेक्षा कमी नव्हता. साठ वर्षांत आपण जोरात जायला शिकलो नाही, न थांबता जायला शिकलो. वाचला तो थांब्याचा वेळ.

आमच्या लहानपणी चाळीतलं कुणी अमेरिकेला निघालं की टेंपो भरून माणसं सांताक्रूझला पोचवायला जायची. माझ्या चुलतभावाला झेंडूचे हार इतके घातले होते की त्याला समोरचं दिसेना. कपाळावर कुंकू, हातात नारळ आणि पलीकडच्या हातात पासपोर्ट, तो ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. मावशी रडत होती आणि तिचे यजमान तिला सांगत होते, अगं, लंडनला थांबतं ते, लगेच नाही पोचत.

सव्वाआठची_बदलापूर

आप्पा, एक नंबर!

आता घरून निघण्याबद्दल. मनूताई, तुम्ही पार्ल्याच्या. जेवून, भांडी आवरून रिक्षानं टी२ ला (सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला) गेलात तरी पोचाल. आमची कथा ऐका. पहाटे दोनचं विमान म्हणजे अकराला विमानतळावर हवं. बदलापूरहून गाडीनं शिळफाटा, महापे, ऐरोलीचा पूल, मग जेव्हीएलआर आणि हायवेवरून सहारचा उन्नत रस्ता. शिळफाट्याला ट्रेलर आडवा झाला की संपलं. पाऊस असेल तर आम्ही सातलाच घर सोडतो. मुंबईहून दुबईला जेवढ्या वेळात विमान पोचतं, तेवढ्यात आम्ही सहारला पोचतो.

मेट्रो ३ आता कफ परेडपासून आरेपर्यंत आहे आणि टी२ चं स्टेशन त्यावर आहे. घाटकोपरहून मेट्रो १ नं मरोळ नाका आणि तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन. हातातली एक बॅग असेल तर उत्तम. तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा, त्यात लोणच्याची बरणी, आणि सोबत ७८ वर्षांचे काका, असा थाट असेल तर मेट्रोच्या भानगडीत पडू नका. परत येताना पहाटे उतरलात तर ती सुरूही झालेली नसते.

खारघरचा_खारकर

आमचे दिवस येतायत. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून देशांतर्गत उड्डाणांनी सुरुवात झाली. न्यूयॉर्कचं विमान उलव्यातून निघालं की पार्लेकरांनी अटल सेतूवरून धापा टाकत यायचं. मी गॅलरीत चहा घेत बघीन.

नोंदवही

तारखेबद्दल एक सावधगिरी, कारण आमच्या शेजाऱ्यांचं डोळ्यांसमोर झालं. तिकिटावर १५ मे, १:५५ असं होतं. त्यांनी १५ ची रात्र धरली. विमान १४ ची रात्र उलटल्यावर, १५ च्या पहाटे गेलं. मंडळी १५ ला संध्याकाळी बॅगा भरत बसली होती. मुंबईहून अमेरिकेला जाणारं बरंचसं याच वेळी सुटतं, तेव्हा कॅलेंडरवर आदल्या दिवशीच्या चौकोनात "आज रात्री निघणे" असं ठळक लिहा.

दुसरं, नुसत्या घड्याळाच्या वेळांची वजाबाकी करू नका. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, मग साडेदहा तास, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. रात्री दोनला निघून सकाळी साडेआठला पोचतं म्हटल्यावर माझ्या सासूबाईंना वाटलं होतं, साडेसहा तासांत अमेरिका!

मैलांचा_हिशोबी

अंतराचे आकडे वेगवेगळे दिसतात त्याचं एक साधं कारण कुणी लिहिलं नाही. १२,५३० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,७९० मैल आणि सुमारे ६,७७० सागरी मैल. वैमानिक आणि उड्डाणं आखणारे ऑप्सवाले सागरी मैल वापरतात, १.८५२ किलोमीटरचा एक. पॉइंट जमवणाऱ्यांचे मैल साधे. कुणी ६,७७० वाचून "जवळ आहे की" म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

थांब्याबद्दल. मी दोऱ्याची अंतरं जुळवून बघितली. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५० च्या आसपास. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे १२,९३०. दिल्लीमार्गे १,१४० अधिक ११,७६०, म्हणजे १२,९००. थेटपेक्षा लंडननं जेमतेम दोनशे आणि दुबईनं चारशे किलोमीटरच वाढतात. लंडन तर जवळजवळ वाटेवरच आहे. अंतराच्या नावानं थांब्याला दोष देता येत नाही. वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की वयस्कर माणसाला घेऊन पळायचं. चार-पाच तासांचा घ्या नाहीतर सरळ थेट जा.

डॉक्टरीणबाई

काकांसाठी: सलग सोळा तास बसण्यात खरी भीती पायांत रक्ताची गाठ होण्याची. वय जास्त, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, यातलं काही असेल तर जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. पोटऱ्या दाबून धरणारे पायमोजे घालायचे का आणि कुठले, ते त्यांनाच ठरवू द्या. बाकी आयल सीट (मधल्या वाटेलगतची), दर तास-दोन तासांनी उठून टॉयलेटपर्यंत फेरी, बसल्या जागी पावलं वर-खाली, पुरेसं पाणी. औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. चालता येतं म्हणून नको म्हणतात बरेच जण, पण केनेडीला इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहायची वेळ येऊ शकते.

पार्लेकर_मनू

सगळ्यांचे मनापासून आभार. थेट जायचं ठरलं. व्हीलचेअरचं बाबांना सांगितल्यावर स्फोट झाला, पण "रांग लागत नाही" म्हटल्यावर विचार करतो म्हणाले. आयल सीटला मात्र साफ नकार. त्यांना खिडकी हवी आहे आणि त्यातून ग्रीनलंड बघायचंय. दिसेल का? की सगळी रात्रच असेल?

डॉक्टरीणबाई

खिडकी घेऊ दे त्यांना. मग मधल्या सीटवर तुम्ही आणि आयलला मिस्टर. दर दीड तासानं दोघांनी उठून वाट द्यायची, म्हणजे तिघांचा व्यायाम.

हवामान_वेडा

ग्रीनलंडसाठी जाताना उजवीकडची खिडकी, कारण ते मार्गाच्या उत्तरेला येतं. मार्ग त्या दिवशी फार दक्षिणेकडून गेला किंवा ढग असले तर इलाज नाही.

उजेडाचं गणित सोपं आहे. रात्री दोनला निघून पश्चिमेला जायचं म्हणजे रात्रीसोबतच प्रवास. जानेवारीत जवळजवळ अख्खा प्रवास अंधारात होतो, न्यूयॉर्क यायच्या सुमारास उजाडतं. मे महिन्यात उत्तरेकडे सूर्य फार लवकर उगवतो, त्यामुळे साधारण सहा-सात तासांनी उजाडेल आणि मग पुढचे आठ-नऊ तास सकाळच राहील. अटलांटिकच्या त्या भागात पोचाल तेव्हा भरपूर उजेड असेल. फक्त तोपर्यंत विमानातले लोक झोपलेले असतात आणि कर्मचारी खिडक्या बंद करायला सांगतात. ७८७ असेल तर काच बटणानं काळी करतात, तेव्हा काकांनी आधीच गोड बोलून ठेवावं.

ऑप्समधला_एक

शिवाय मे महिन्यात समोरचा वारा हिवाळ्यापेक्षा बराच नरम असतो. छापील वेळेच्या वीस-तीस मिनिटं आधी टेकलात आणि गेट रिकामं नाही म्हणून तेवढाच वेळ धावपट्टीलगत उभे राहिलात, तर मिस्टरांना म्हणावं, हाच तो फुगवलेला वेळ.